एक्सपल्सला दम कमी पडतोय? सायलेन्सरला हात लावायच्या आधी हे वाचा

हिरोची एक्सपल्स ही कच्च्या रस्त्याची मोटारसायकल घेतल्यावर दोन-तीन महिन्यांत जवळजवळ प्रत्येकजण मला एकच मेसेज टाकतो, दादा गाडी झकास आहे पण इंजिनात दम नाही, कुठला एक्झॉस्ट (सायलेन्सर) लावू? मी उलट विचारतो की दम नक्की कुठे कमी पडतोय, हायवेला ९० च्या पुढे, का वेल्ह्याकडच्या एखाद्या खड्या कच्च्या चढावर पहिल्या गिअरमध्ये? कारण हे दोन वेगळे प्रॉब्लेम आहेत, आणि एक्झॉस्टने दोन्हीतला एकही सुटत नाही. म्हणून आता सविस्तर लिहूनच टाकतोय.

माझी गाडी बीएस-६ प्रदूषण नियमांची, दोन व्हॉल्व्हवाली एक्सपल्स २००. कागदावर १९९.६ सीसी, ताकद १८.०८ पीएस (म्हणजे घोडे) ८५०० आरपीएमला (इंजिनाचे मिनिटाला फेरे), टॉर्क म्हणजे फिरवायचा जोर १६.४५ न्यूटन मीटर ६५०० ला, वजन १५७ किलो. २०२१ मध्ये चार व्हॉल्व्हवाली आली तिचे १९.१ पीएस आणि १७.३५ टॉर्क. आता हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा, कंपनीने हेडमधले व्हॉल्व्ह दुप्पट केले, त्याच्यावर इंजिनियर लोकांनी टेस्टिंग केलं, तेव्हा कुठे एक घोडा वाढला. मग नुसता पाइप बदलून किती वाढणार ते तुम्हीच ठरवा.

आणि तसंही ट्रेलवर, म्हणजे कच्च्या डोंगरवाटेवर, आपल्याला तो वरचा घोडा लागतच नाही. पूर्ण टॉर्क मिळतो ६५०० ला, पण सुट्या खडीच्या चढावर जिथे पुढचं चाक दगड बघून बघून टाकायचं असतं तिथे आपण तीन-साडेतीन हजार आरपीएमवर असतो, त्या स्पीडला स्टॉक (कंपनीचा मूळ) पहिला गिअर लांब पडतो, मग आपण अर्धा क्लच धरून गाडी ओढत राहतो, क्लच तापतो, जळका वास येतो, आणि गाडी बंद पडायची ती नेमकी वळणावर बंद पडते. लोक म्हणतात इंजिन मेलेलं आहे. अहो इंजिन ठीक आहे, त्याला गिअरिंग चुकीचं मिळालंय.

त्यामुळे पहिला खर्च स्प्रॉकेटचा, म्हणजे चेन ज्यावर फिरते त्या दातेरी चकतीचा, बाकी सगळं नंतर. पुढचं स्प्रॉकेट १३ दातांचं येतं, ते काढून १२ चं टाका. मागचं मॉडेलप्रमाणे ३९ किंवा ४० असतं, गाडीजवळ बसून दात मोजा, दुकानदाराच्या भरवशावर राहू नका. पुढचा एक दात कमी केला की चाकावर येणारा जोर साधारण ८ टक्क्यांनी वाढतो, प्रत्येक गिअरमध्ये, आणि तेवढाच फरक मागे करायचा तर तीन-चार दात वाढवावे लागतील, शिवाय मागचं स्प्रॉकेट महाग आणि चेनही लांब घ्यावी लागण्याची शक्यता. पुढचं मात्र काही शे रुपयांत येतं आणि बदलायला अर्धा-पाऊण तास. हे काही माझ्या मनचं नाही बरं का, हिरोने २०२० मध्ये जे रॅली किट काढलं त्यात पुढे १२ आणि मागे ४० हेच कॉम्बिनेशन दिलं होतं. सोबत पुढे २५० आणि मागे २२० मिलिमीटर ट्रॅव्हलचं (चाकाला वरखाली व्हायची जागा) सस्पेन्शन, हँडल उंच करणारे रायझर, सपाट सीट, नॉबी (मोठ्या गठ्ठ्यांचे) टायर. त्या किटमध्ये काय होतं आणि इंजिनाला किती कमी हात लावला होता हे एकदा नीट बघा, रॅलीवाल्यांचा क्रम कळतो.

तोटे आहेत, तेही सांगतो. आधी ज्या आरपीएमला ८० चा स्पीड मिळायचा त्याच आरपीएमला आता ७४ मिळतो. म्हणजे पुणे-बंगळूर हायवेला दिवसभर जायचं असेल तर इंजिन जास्त ओरडणार, हँडलला आणि पायाला व्हायब्रेशन जास्त, ॲव्हरेजही थोडं खाली. लहान स्प्रॉकेटवरून चेन जास्त वाकून जाते त्यामुळे झिजतेही लवकर, आणि स्विंगआर्मवरचं (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावरचं) जे रबरी स्लायडर असतं त्याला जास्त घासते, ते अधूनमधून बघत जा, फाटलं तर चेन सरळ स्विंगआर्म कापायला लागते. ज्यांचं आठवडाभर ऑफिस आणि रविवारी ट्रेल असं आहे त्यांनी दोन्ही स्प्रॉकेट ठेवावीत, लाँग टूरच्या आधी १३ परत चढवायचं. उतारावर याचा फायदा किती होतो ते कोणी सांगत नाही, पहिल्या गिअरचं इंजिन ब्रेकिंग (थ्रॉटल सोडल्यावर इंजिनच गाडीला आवरतं ते) वाढतं, ओल्या लाल मातीच्या उतारावर ब्रेकला हात न लावता गाडी शांतपणे खाली येते, आणि मला तर चढापेक्षा यासाठीच हा बदल जास्त आवडलाय.

चेनचं एक महत्त्वाचं. साध्या गाडीला चेन जशी ताणतात तशी हिची ताणायची नाही. हिच्या मागच्या सस्पेन्शनला १७० मिलिमीटरचा ट्रॅव्हल आहे, सस्पेन्शन दबलं की चेन ताठ होत जाते, आणि पुढचं स्प्रॉकेट, स्विंगआर्मचा पिव्होट आणि मागचा ॲक्सल एका रेषेत आले की सगळ्यात ताठ. त्या पोझिशनला थोडी तरी ढिलाई उरली पाहिजे. गॅरेजमध्ये गाडी स्टँडवर लावून चेन मस्त टाइट करून देतात, बघायला छान वाटतं, मग पहिल्याच मोठ्या खड्ड्यात चेन सस्पेन्शनला दबू देत नाही आणि सगळा झटका गिअरबॉक्सच्या शाफ्टच्या बेअरिंगवर जातो. दोन मित्रांना सीटवर बसवा, गाडी दाबली गेली की मग चेन हाताने वरखाली करून बघा.

आता टायर, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण १८ घोडे जमिनीपर्यंत पोचतात ते इथूनच. पुढे ९०/९०-२१, मागे १२०/८०-१८. स्टॉक टायर ५०-५० टाइपचे, म्हणजे अर्धे डांबरासाठी अर्धे कच्च्यासाठी, डांबरावर बरे, कोरड्या मुरमावर बरे, चिखलात काही खरं नाही. पण टायर बदलायच्या आधी हवा कमी करून बघा, फुकटचं काम आहे. रस्त्याची हवा चेनगार्डच्या स्टिकरवर किंवा मॅन्युअलमध्ये असते, ट्रेल सुरू झाला की मी दोन्ही चाकांत २० पीएसआयच्या आसपास आणतो. टायर जमिनीवर पसरतो, दगडाला गुंडाळून धरतो, आणि ज्या चढावर मागचं चाक नुसतं जागेवर फिरत होतं तिथे गाडी वर जाते. मेसेज करणाऱ्या मुलांना मी आधी एवढंच करायला लावतो आणि बऱ्याच जणांचा एक्झॉस्टचा प्रश्न तिथेच संपतो. पण याच्याखाली जाऊ नका, हिला ट्यूब आहे, हवा फार कमी असली की टोकदार दगडावर ट्यूब रिम आणि टायरच्या मध्ये चिमटते आणि दोन भोकांचं पंक्चर होतं, किंवा टायर रिमवर फिरतो आणि वॉल्व्हच उपटून येतो. पाठीवरच्या बॅगेत पंप, प्रेशर गेज आणि २१ इंचाची एक जादा ट्यूब असू द्या. अडचणीला २१ ची ट्यूब मागच्या १८ मध्येही घडी घालून कशीबशी चालते, १८ ची पुढे घालायला गेलात तर फाटेस्तोवर ताणली जाते. आणि परत डांबरावर आलात की हवा भरा, कमी हवेवर घाटात वळणं घ्यायची नाहीत.

टायर बदलायचेच असतील तर आपली माती बघून बदला. हे मी कळकळीने सांगतोय कारण लोक राजस्थानच्या वाळूतले किंवा हिमालयातले व्हिडिओ बघून टायर मागवतात. कोकणात आणि सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर जांभा आणि लाल चिकण माती, तिथे नॉबी टायर खरंच काम करतो. घाटमाथ्यावर मात्र बेसॉल्टच्या सपाट शिळा, पावसाळ्यात त्याच्यावर शेवाळ, तिथे नॉबीचे मोठे गठ्ठे कमी जागेवर टेकतात आणि चक्क घसरतात, तिथे मऊ रबराचा ५०-५० परवडतो. आणि सोलापूर, लातूर, बीडकडची काळी माती हा वेगळाच विषय आहे, पाऊस पडून गेल्यावर ती चाकाला गोळा धरते, पुढच्या खालच्या मडगार्डमध्ये इतकी भरते की चाक फिरायचं थांबतं, तिथे टायर कुठला आहे याला काही अर्थ नाही, मडगार्ड आणि टायरमधलं अंतर वाढवणं हाच उपाय. तिकडचे पोरं खालचं मडगार्ड काढूनच ठेवतात पावसाळ्यात. मग चिखल रेडिएटरवर, म्हणजे आपल्या गाडीत ऑइल कूलरवर उडतो, तो रोज धुवावा लागतो, पण चाक फिरतं तरी. मागचा टायर रुंद मात्र करू नका, दिसायला दमदार वाटतो पण जड होतो आणि आधीच कमी असलेली ताकद तो फिरवण्यात जाते.

वजन. १५७ ची गाडी, ७५-८० चा माणूस, हेल्मेट-बूट-जॅकेट-पाणी धरा अजून सात-आठ. झाले २४०. याच्यावर लोक काय काय चढवतात बघा, पुढे जाड पाइपचा लोखंडी क्रॅश गार्ड, मागे सामान अडकवायचा लोखंडी स्टे, त्याला टॉप बॉक्स, दोन फॉग लाइट, जेरीकॅनचा स्टँड. गार्ड बसवायच्या आधी एकदा हातात उचलून बघा आणि मग स्वतःला विचारा की हे मी घाटात वर घेऊन जाणार आहे का. माझ्या गाडीला इंजिनाखालची ॲल्युमिनियमची बॅशप्लेट आणि हँडगार्ड एवढंच आहे, लिव्हर तुटू नये आणि इंजिनाचा तळ फुटू नये इतकीच गरज असते. पेट्रोलचंही वजन असतं, १३ लिटरची टाकी फुल केली की साडेनऊ किलोच्या वर, तेही गाडीत सगळ्यात उंचावर. दिवसभराचा ट्रेल ५०-६० किलोमीटरचा असतो, अर्धी टाकी ठेवा, पाच किलो फुकटात उतरले. साडी गार्ड आणि मागचं हँडल काढायचा मोह होतो, मागे कोणी बसत असेल तर काढू नका, ते कोणाच्या तरी पायासाठी आणि जिवासाठी आहे.

सस्पेन्शन हा परफॉर्मन्सचा भाग आहे हे पटायला लोकांना वेळ लागतो. चाक हवेत उडत असेल तर इंजिनाची ताकद हवेत जाते, इतकं सरळ आहे. मागच्या मोनोशॉकला (एकुलत्या एक शॉकॲब्सॉर्बरला) प्रीलोड, म्हणजे स्प्रिंग आधीच किती आवळून ठेवायची ते, बदलता येतो, दहा स्टेप आहेत, आणि शोरूममधून आल्यापासून त्याला कोणी हात लावलेला नसतो. मोजायची पद्धत अशी, गाडी उचलून मागचं चाक अधांतरी करा, ॲक्सलपासून वर मागच्या पॅनेलवर एक टेपचा तुकडा लावून अंतर मोजा. मग सगळं सामान अंगावर घालून गाडीवर बसा, कोणालातरी धरायला सांगा, परत मोजा. दोन्हीतला फरक १७० च्या तिसऱ्या हिश्शाच्या आत-बाहेर, म्हणजे ५० ते ५७ मिलिमीटर आला पाहिजे. जास्त येत असेल तर प्रीलोड वाढवा, कमी येत असेल तर सोडा. आता गाडी नुसती तिच्या स्वतःच्या वजनावर किती बसते तेही बघा, ती जर अजिबात बसत नसेल तर तुम्ही मऊ स्प्रिंगला नुसतं आवळून ठेवलंय, तुमच्या वजनाला स्प्रिंगच दुसरी लागणार. पुढच्या फोर्कला बाहेरून काही ॲडजस्टमेंट नाही, तिथे हातात फक्त फोर्क ऑइल असतं, आणि ते वेळेवर बदललं तरी फरक जाणवतो कारण जुनं तेल पातळ पाण्यासारखं होऊन जातं. थोडं जाड तेल टाकलं की ब्रेक मारल्यावर पुढून डुबकी कमी.

हँडल आणि लिव्हरला पैसे लागत नाहीत तरी कोणी करत नाही. उभं राहून चालवायची गाडी आहे, मग लिव्हर उभं राहून सेट करा, मनगट सरळ राहील इतक्या खाली फिरवा. मागच्या ब्रेकचं पेडल बुटासकट बघून ॲडजस्ट करा, फूटपेगवरचं रबर काढा म्हणजे ओला बूट घसरत नाही. जो माणूस नीट उभा आहे तो त्याच गाडीवरून दुसऱ्यापेक्षा लवकर वर पोचतो, मी कितीतरी वेळा बघितलंय.

आता इंजिन. आधी जे आहे ते पूर्ण मिळतंय का ते बघा. मार्च-एप्रिलमध्ये मुरमाची धूळ पिठासारखी उडते आणि ग्रुपमध्ये मागे चालवणाऱ्याचा फिल्टर एका दिवसात भरू शकतो, मॅन्युअलमधला फिल्टर बदलायचा आकडा डांबरी रस्त्यासाठी असतो, ट्रेलवाल्यांनी तो निम्म्यावर आणावा. फिल्टरच्या डब्याला भोकं पाडायची जी फॅशन आहे ती आपल्या धुळीत तर नकोच, बारीक माती आत गेली की सिलिंडर आणि रिंगा घासून टाकते आणि मग गेलेलं कॉम्प्रेशन कुठल्याही एक्झॉस्टने परत येत नाही. टॅपेट (व्हॉल्व्हच्या टोकाशी सोडलेलं बारीक अंतर) चेक करा, एक्झॉस्ट व्हॉल्व्हचं अंतर कमी झालं असेल तर गरम गाडी चालू व्हायला त्रास देते आणि जोर हळूहळू जातो, इतका हळू की रोजच्या माणसाला कळत नाही. गाडी उचलून दोन्ही चाकं हाताने फिरवा, चिखलाने कॅलिपर जाम होऊन ब्रेक घासत असतो आणि आपण इंजिनाला शिव्या देतो. क्लचला फ्री प्ले (लिव्हरची थोडी मोकळी हालचाल) आहे का बघा. इरिडियम प्लगने ताकद वाढत नाही, ज्यांना वाढल्यासारखी वाटते त्यांचा जुना प्लग खराब असतो. शंभर ऑक्टेनच्या पेट्रोलचंही तेच, हे इंजिन साध्या पेट्रोलवर ट्यून केलेलं आहे, जादा ऑक्टेन त्याला वापरताच येत नाही. हल्ली पंपावर ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं, इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा लिटरमागे साधारण एक तृतीयांश एनर्जी कमी, त्यामुळे ॲव्हरेज थोडं पडलं तर गाडी बिघडली असं लगेच समजू नका.

एक्झॉस्टवर यायचंच तर येतो. बीएस-६ गाडीत ऑक्सिजन सेन्सर आहे, हळू आणि एकसारख्या थ्रॉटलवर ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) त्याच्याकडे बघून पेट्रोल कमी-जास्त करतो, त्यामुळे तिथे पाइप बदललात तरी तो सांभाळून घेतो. पण थ्रॉटल पूर्ण उघडलं की ईसीयू आतल्या ठरलेल्या मॅपवर चालतो, मोकळ्या पाइपमुळे हवा जास्त खेचली जाते आणि पेट्रोल तेवढंच, मिक्स्चर लीन होतं, म्हणजे त्यात पेट्रोल कमी पडतं. हवेवर आणि ऑइल कूलरवर थंड होणारं इंजिन, आपला मे महिना, लांब चढ, स्पीड कमी म्हणून वारा नाही, अशात लीन चालवणं म्हणजे पिस्टनची परीक्षा. हे नीट करायचं तर पिगीबॅक ईसीयू (मूळ ईसीयूला जोडायचा जादा डबा) आणि डायनोवर, म्हणजे ताकद मोजायच्या मशीनवर, बसून ट्यूनिंग लागतं, सगळा खर्च स्प्रॉकेटच्या कितीतरी पट, आणि मिळणार काय तर वरच्या आरपीएमला थोडंसं. खालचा टॉर्क, जो आपल्याला हवाय, तो मोकळ्या पाइपने बऱ्याचदा कमीच होतो. २०१९ च्या सुरुवातीच्या कार्बोरेटरवाल्या एक्सपल्स ज्यांच्याकडे आहेत त्यांना जेट (कार्बोरेटरमधलं पेट्रोल सोडणारं भोक) बदलून स्वस्तात जमतं, बाकीच्यांना नाही.

आणि आवाज. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये गाडीच्या मूळ रचनेत फेरफार करायला बंदी आहे, पुण्यात पोलिसांनी जप्त केलेल्या सायलेन्सरवर रोडरोलर फिरवलेले फोटो सगळ्यांनी बघितलेत, क्लेमच्या वेळी इन्शुरन्सवाले असे बदल शोधतात. पण माझं म्हणणं कायद्याच्या अलीकडचं आहे. आपण ज्या वाटांवर जातो त्या कोणाच्या तरी शेताच्या बांधावरून, वाडीतून जातात, पाड्यावरच्या म्हाताऱ्या दारात बसलेल्या असतात, गुरं चरत असतात. गाडी शांत असली की ते हात करतात, पाणी विचारतात, पुढे वाट आहे का सांगतात. दोन-चार ग्रुप फटफट करत गेले की पुढच्या वर्षी त्या वाटेवर काटे टाकलेले असतात, आणि ते बरोबरच आहे. अभयारण्यात आणि कासच्या सड्यावर तर चाक न्यायचंच नाही, गाडी कितीही शांत असली तरी.

बोअर किट, कॅम अशी इंजिनाच्या आतली कामं किंवा इंजिनच बदलणं यात मी पडत नाही. २०११ मध्ये हिरोचीच इम्पल्स ही अशीच गाडी आली होती, १५० सीसी आणि १३ घोडे, तिच्यात लोक हिरोच्या करिझ्मा मोटारसायकलचं २२३ सीसीचं इंजिन बसवायचे, त्या काळात दुसरा पर्यायच नव्हता. आता तसं नाही. ज्यांना खरंच हायवेवर दम हवाय त्यांच्यासाठी २०२५ च्या जानेवारीत एक्सपल्स २१० आली, लिक्विड कूल्ड, २४.६ पीएस, सहा गिअर. सहा घोडे आणि एक गिअर जास्त, हे २०० मध्ये कितीही पैसे ओतून गॅरंटीसकट मिळणार नाही. मुंबई-गोवा, पुणे-नागपूर हेच तुमचं जास्त असेल तर २०० विकून तीच घ्या. स्पिती-लडाखवाल्यांनाही तेच सांगेन, साडेचार हजार मीटरवर हवा समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांशापेक्षा कमी राहते, १८ चे ११-१२ घोडे होतात, फ्युएल इंजेक्शन पेट्रोल जुळवून घेतं पण नसलेली हवा कुठून आणणार. २०० नेच जायचं असेल तर १२ दातांचं स्प्रॉकेट लावल्याशिवाय जाऊ नका.

माझ्या गाडीचं पुढचं काम फोर्कच्या स्प्रिंगचं आहे. माझं वजन स्टॉकला चालतं, पण आमच्यातला एकजण हेल्मेट-बूट-जॅकेटसकट शंभर किलोच्या वर आहे आणि त्याची गाडी प्रत्येक ओढ्याच्या काठावर पुढून पूर्ण बसते, तेल जाड करून झालं, पातळी वाढवून झाली, तरी बसते. इतक्या वजनाला जाड स्प्रिंग कोणी बनवून घेतली असेल, तार किती मिलिमीटरची वापरली आणि मागच्या शॉकचं त्यासोबत काय केलं, हे मला कळवा, आम्हाला पावसाळ्याच्या आत दोन्ही गाड्या उघडायच्या आहेत.